‘मराठी कच्चे’ कोणाचे? : हिंजवडी परिसरातील संमिश्र वर्ग आणि अध्यापनपद्धतीची निवड

राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची मराठीची पुस्तके दोन प्रवाहांत निघतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बालभारती’ आणि पुढे ‘कुमारभारती’. अन्य माध्यमांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘सुलभभारती’ आणि पुढे ‘अक्षरभारती’. या विभागणीमागे एक गृहीतक आहे. ज्याचे माध्यम मराठी, त्याची घरची भाषा मराठी. ज्याचे माध्यम अन्य, त्याला मराठी परकी. १९६७ मध्ये हे मंडळ स्थापन झाले तेव्हा महाराष्ट्राच्या बहुतांश खेड्यांत हे गृहीतक व्यवहारात चालण्यासारखे होते. आज ते कोठे कोठे मोडून पडले आहे हे पाहावयाचे असेल, तर पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण, मारुंजी या गावांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रस्तुत लेखाचा विषय अध्यापनपद्धतीच्या निवडीचा आहे. पद्धतींच्या नामावळीचा नव्हे. व्याख्यानपद्धती, चर्चापद्धती, प्रकल्पपद्धती, नाट्यीकरण यांचे गुणदोष शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळतात. त्यांतून निवड कोणत्या कसोटीवर करावी, याचे उत्तर मात्र ‘विद्यार्थ्याची गरज व पार्श्वभूमी पाहून’ अशा एका वाक्यात दिले जाते आणि तेथेच चर्चा संपते. मराठीच्या वर्गापुरते तरी ‘पार्श्वभूमी’ म्हणजे काय, हे भाषेच्या अंगाने तपासणे आवश्यक आहे. तसे तपासले असता एक विसंगती ठळकपणे पुढे येते : मराठीच्या वर्गात परभाषक विद्यार्थ्याच्या चुकीला ‘अडचण’ म्हटले जाते आणि स्थानिक विद्यार्थ्याच्या बोलीला ‘चूक’.

हिंजवडीचा भाषिक नकाशा

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत हिंजवडी हे शेतीवर जगणारे गाव होते. त्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारण्यास प्रारंभ केला आणि ते टप्प्याटप्प्याने माणपर्यंत पसरले. जमिनी गेल्या, मोबदले आले, इमारती उठल्या. मुळशी तालुक्याला जमिनी जाण्याचा अनुभव नवा नाही. १९२१ मध्ये सुरू झालेल्या, सेनापती बापटांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मुळशी सत्याग्रहाचे मूळही धरणाखाली जाणाऱ्या जमिनींतच होते. मात्र त्या वेळी गावकरी उठून बाहेर गेले. या वेळी गावकरी जागेवर राहिले आणि भाषा बाहेरून आल्या.

या परिसरातील एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. त्यात चार-पाच प्रकारची मुले संभवतात. गावातील जुन्या शेतकरी कुटुंबांची मुले, ज्यांच्या घरी मावळ-मुळशीची बोली आहे. संगणक व्यवसायात नोकरीस आलेल्या कुटुंबांची मुले, त्यांत तेलुगू, तमिळ, कानडी, हिंदी, बंगाली भाषक आहेत, तसेच नागपूर, अकोला, जळगावकडील मराठी भाषकही आहेत. बांधकामावर काम करणाऱ्यांची मुले, जी उत्तर कर्नाटक, तेलंगण, बिहार, ओडिशा येथून आलेली असतात, किंवा मराठवाड्यातून आलेली असूनही घरी गोरमाटी, वडारी, कैकाडी बोलतात. आणि या सर्वांना सेवा पुरविणाऱ्या चालक, सुरक्षारक्षक, घरकामगार यांची मुले.

आता ही मुले कोणत्या शाळेत जातात हे पाहिले की पाठ्यपुस्तकांच्या विभागणीमागील गृहीतक उलटे होते. जमिनीचा मोबदला मिळालेल्या स्थानिक शेतकऱ्याने मुलाला इंग्रजी माध्यमात घातले. त्या शाळेत राज्य मंडळाचा अभ्यासक्रम असेल तर त्याच्या हाती ‘सुलभभारती’ येते. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओवी, भारूड, लग्नातील गाणी आहेत, तो ‘ही सफरचंद आहे की हे सफरचंद आहे’ अशा पातळीचे प्रश्न सोडवीत बसतो. उलट बांधकामावरील तेलुगू किंवा गोरमाटी भाषक मूल जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल होते आणि त्याच्या हाती ‘बालभारती’ येते, कारण शाळेचे माध्यम मराठी. एकास त्याच्या शक्तीपेक्षा फार कमी दिले जाते, दुसऱ्यास तो पेलू शकणार नाही एवढे. दोघांच्याही प्रगतिपुस्तकात शेरा एकच पडण्याची शक्यता मोठी : मराठी कच्चे. माध्यम हा शाळेचा गुणधर्म आहे. त्यावरून मुलाची भाषा ठरविणे हा मूळ घोटाळा होय.

राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा अधिनियम २०२० मध्ये झाला आणि त्याची अंमलबजावणी पहिली व सहावी या इयत्तांपासून क्रमाने सुरू झाली. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा प्रश्न पेटला. १६ एप्रिल व १७ जून या तारखांचे शासननिर्णय त्याच वर्षी २९ जूनला मागे घेण्याची घोषणा झाली. या साऱ्या वादात कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून, सक्तीने की ऐच्छिक, यांवर पुष्कळ बोलले गेले. वर्गात ती शिकवावयाची कशी, हा प्रश्न कोणत्याच बाजूला विशेष महत्त्वाचा वाटलेला दिसत नाही.

‘परभाषक’ हा एक गट नव्हे

परभाषक विद्यार्थ्यांसाठी योजावयाची पद्धत म्हणून सामान्यतः सोपी वाक्ये, चित्रे, संवाद आणि पाठांतर यांची शिफारस होते. ती चुकीची नाही, परंतु ती सर्व परभाषकांना एकाच पायरीवर उभे करते. प्रत्यक्षात प्रत्येक मूल आपल्या भाषेचे काही भांडवल घेऊन येते आणि ते भांडवल मराठीच्या वेगवेगळ्या ठिकाणी कामास येते.

हिंदी भाषक मुलास देवनागरी येते. यावरून त्याला मराठी सर्वांत सोपी, असा समज आहे. तो अंशतःच खरा आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही. म्हणून हे मूल ‘घर मोठा आहे’ म्हणते आणि हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘माझी पुस्तक’ म्हणते. हिंदीत ‘घर में’ म्हणताना ‘घर’ बदलत नाही, म्हणून ‘घर मध्ये’ असे रूप येते. सामान्यरूप ही कल्पनाच त्याला मर्यादित स्वरूपात ठाऊक असते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठी त्याच्याजवळ ‘हम’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे ‘आपण जाऊ या’ आणि ‘आम्ही जातो’ यांतील श्रोत्याला सामावून घेण्याचा किंवा वगळण्याचा भेद त्याच्या लक्षात येण्यास वेळ लागतो. मात्र ‘मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला’ या प्रयोगात त्याला अडचण नाही. तो फार तर ‘मीने पोळी खाल्ली’ म्हणेल. प्रत्यय जादा, परंतु क्रियापदाची जुळणी अचूक.

तेलुगू किंवा तमिळ भाषक मुलाची स्थिती नेमकी उलटी आहे. त्याला लिपी नवी. ‘भिंत’ स्त्रीलिंगी आणि ‘दगड’ पुल्लिंगी का, याचा कोणताही अर्थाधिष्ठित खुलासा त्याला मिळत नाही, कारण त्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंना असे लिंगभेद नाहीत. ‘मी पोळी खाल्लो’ हे त्याचे वाक्य त्याच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध आहे. खाणारा मी, तर क्रियापद माझ्याप्रमाणे. परंतु ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद त्याच्या मातृभाषेत आहे, म्हणून तो एका तासात कळतो. प्रत्ययापूर्वी शब्दाचे रूप बदलते ही कल्पनाही त्याला अनोळखी नाही. द्रविड भाषांत अशी रूपे आहेत. ‘ळ’ तो स्वच्छ उच्चारतो, तर हिंदी भाषक मूल ‘फळ’चे ‘फल’ करते. बंगाली किंवा उडिया भाषक मुलाचा प्रश्न आणखी निराळा; त्याच्या भाषेत क्रियापद लिंगानुसार बदलतच नाही, म्हणून ‘तो आला, ती आली, ते आले’ ही साखळी त्याच्यासाठी शून्यातून उभी करावी लागते. उडिया मुलाजवळ ‘ळ’ मात्र आहे.

या निरीक्षणांत भाषाविज्ञानाच्या दृष्टीने नवे काही नाही. मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी ती आपल्या अभ्यासक्रमाच्या आधारे स्वतः करू शकतो. त्यांचा अध्यापनाशी संबंध मात्र क्वचित जोडला जातो. हिंदी भाषक मुलाला लिंगविचाराचा तास हवा असतो आणि तो लेखनाच्या द्वारे लवकर साधतो, कारण त्याला वाचता येते. नामासोबत विशेषण लिहिण्याचा सराव त्याला पुरेसा होतो. तेलुगू भाषक मुलास तोच घटक आधी कानाने, खेळाने, वस्तू हाती देऊन ‘हा, ही, हे’ म्हणत द्यावा लागतो. त्याच्यापुढे तक्ता ठेवला तर लिपीची आणि लिंगाची अशा दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. घटक एक आणि पद्धती दोन. निवडीची कसोटी मुलाच्या बुद्धीची नसून त्याच्या भाषेची आहे. एवढे भान ठेवले तरी चित्रे दाखवून सर्वांना एकच संवाद पाठ करवून घेण्याची गरज उरत नाही.

रोमन लिपीतून मराठी वाचणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आता तयार झाला आहे. त्याचे उदाहरण गावाच्या नावातच आहे. फलकावरील रोमन अक्षरे पाहून नवागत ‘हिंजेवाडी’ म्हणतात आणि गावकरी ‘हिंजवडी’ म्हणतात. उच्चार, लिपी आणि लिप्यंतर यांतील संबंध शिकविण्यास याहून जवळचे साधन शोधण्याची आवश्यकता नाही.

स्थानिक विद्यार्थ्याची ‘चूक’

लेखाचा मुख्य प्रश्न येथे आहे. माण गावातील शेतकऱ्याचा मुलगा ‘पानी’, ‘कोन’, ‘व्हता’, ‘हाय’, ‘त्येला’, ‘येक’ असे बोलतो आणि अनेकदा तसेच लिहितो. हे त्याने कोणाकडून चुकीचे ऐकलेले नाही. आईकडून बरोबर ऐकलेले आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या ग्रामीण पट्ट्यात ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद बोलण्यात राहिलेला नाही. त्याच्या वहीवर लाल रेघ ओढली जाते. शेजारच्या बाकावरील तमिळ मुलाने ‘मी पोळी खाल्लो’ म्हटले तर शिक्षक हसून सुधारतात, कौतुकही करतात. शेतकऱ्याच्या मुलाने ‘त्यो आला व्हता’ म्हटले तर वर्ग हसतो. पहिल्याला नवी भाषा मिळत असते. दुसऱ्याला आपली भाषा अशुद्ध असल्याचे कळत असते. आणि हे त्याच्या स्वतःच्या गावात घडते, पुणे शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, ज्या शहराच्या शिष्टवर्गाची बोली एकोणिसाव्या शतकात शालेय पुस्तके, व्याकरणे आणि कोश यांच्या द्वारे प्रमाण ठरली. अंतर रस्त्याने मोजले तर थोडे आहे.

येथे दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. एक, बोली हीच खरी भाषा, तिला हात लावू नये. दुसरी, प्रमाणभाषेवाचून गत्यंतर नाही, तेव्हा बोली पुसून टाकावी. पहिली भूमिका साहित्याच्या चर्चासत्रात शोभून दिसते. परंतु ती घेणाऱ्याची स्वतःची मुले प्रमाणभाषा घरातच शिकलेली असतात. परीक्षा, अर्ज, नोकरी, न्यायालय या सर्व ठिकाणी प्रमाणभाषेची आवश्यकता आहे आणि शेतकऱ्याच्या मुलाला ती नाकारणे हा त्याचा सन्मान नव्हे. दुसऱ्या भूमिकेची अडचण नैतिक आहेच, परंतु त्याहून आधी ती अध्यापनाच्या दृष्टीने निष्फळ आहे. ‘जसे बोलतो तसे लिहा’ किंवा ‘नीट ऐका आणि लिहा’ हे श्रुतलेखनाचे तत्त्व ज्याच्या कानात न-ण हा भेदच नाही त्याला लागू पडत नाही. तो नीट ऐकूनच ‘पानी’ लिहितो. त्याला शंभर वेळा श्रुतलेखन घालणे म्हणजे ज्या दारातून जाता येत नाही तेच दार पुन्हा पुन्हा दाखविणे होय.

त्याला डोळ्याने शिकविले पाहिजे. पाणी, लोणी, गाणी, राणी. कोण, कोणी, कोणता. आणि, आणखी असे शब्दसमूह वाचनातून, फलकांतून, स्वतःच्या वहीतील यादीतून त्याच्या दृष्टीस वारंवार पडले पाहिजेत. ‘मान’ आणि ‘माण’ यांतील फरक त्याच्या गावाच्या पाटीवर लिहिलेला आहे. आता मौजेची गोष्ट अशी की बिहारकडून आलेल्या मुलाच्या घरच्या बोलीतही ‘ण’ हा बहुधा ‘न’कडे झुकतो. म्हणजे या एका घटकापुरते माणचे मूल आणि बिहारचे मूल एका गटात बसतात आणि त्यांची पद्धतही एक. दुसऱ्या दिवशी ‘ळ’चा घटक घेतला तर गट मोडतात, माणच्या मुलाजवळ ‘ळ’ आहे, बिहारच्या मुलाजवळ नाही, आणि वऱ्हाडातून आलेल्या, घरी ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या मराठी मुलाचीही गाठ या वेळी बिहारच्या मुलाशीच पडते. ‘एक’चा ‘येक’ करण्याची लकब कानडी बोलण्यातही आहे. तेथे मुळशी आणि कलबुर्गी शेजारी बसतात. मराठी भाषक आणि परभाषक अशी कायमची रेघ वर्गात ओढण्यास भाषेचा आधार मिळत नाही. गट घटकागणिक बदलावे लागतात. त्याने आणखी एक गोष्ट साधते : ‘कच्च्या’ मुलांचा असा एक ठरलेला बाकच राहत नाही.

तीन पूर्वसूरी

विद्यार्थ्याची पार्श्वभूमी पाहून पद्धती ठरविण्याचा विचार मराठीत उसना आणावा लागत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी खेड्यांतील शाळांसाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असा व्यवहारोपयोगी क्रम सुचविला आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, नांगराला हात लावण्यास न संकोचणारा असावा असे म्हटले. यातील दुसरी सूचना बहुधा सामाजिक न्यायाच्या संदर्भात वाचली जाते. ती अध्यापनशास्त्रीयही आहे. मुलाची बोली ज्याला लाजिरवाणी वाटत नाही, अशा शिक्षकाची ती मागणी आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी परिसरात नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणावर नेण्याचा, कुरणशाळेचा प्रयोग तेथे झाला. बी.एड.च्या उत्तरपत्रिकांतून हा प्रयोग कौतुकाच्या दोन ओळींत येतो. त्यातील निर्णय मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे : आधी मुलाचा दिवस पाहिला गेला आणि मग शाळेची वेळ व जागा ठरली. हिंजवडी परिसरातील बांधकामावरच्या मुलाचा दिवस असा कोणी पाहिला, तर धाकट्या भावंडास सांभाळणे, पाणी भरणे आणि इमारत पूर्ण होताच दुसऱ्या ठिकाणी जाणे या तीन गोष्टी दिसतील. जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपणारी पाठ्यपुस्तकाची चढण अशा मुलासाठी नाही. त्याला थोड्या आठवड्यांत पूर्ण होणारे, कोठेही पुन्हा उचलता येणारे लहान घटक हवेत. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर पुण्यात बांधकामांच्या जागी वर्ग चालविणाऱ्या ‘डोअर स्टेप स्कूल’ या संस्थेचे काम या दिशेचे आहे.

तिसरे उदाहरण मराठीच्या अभ्यासकास सर्वांत जवळचे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांवर पीएच.डी.चे संशोधन केले आणि १९८४ मध्ये फलटण येथेच प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. बोलीचे वर्णन करणारा भाषावैज्ञानिक आणि मुलांना वाचन शिकविणारा शिक्षक एकाच व्यक्तीत आल्याचे हे विरळ उदाहरण होय. वर्णमालेच्या क्रमाने अ, आ, इ, ई असे न जाता, ज्यांपासून लगेच शब्द बनतील असे थोडे वर्ण व स्वरचिन्हे प्रथम द्यावयाची आणि मुलांनी सांगितलेले शब्द वाचनात आणावयाचे, ही त्या पद्धतीची दिशा. मुलाचा स्वतःचा शब्द फळ्यावर येतो तेव्हा तो बोलीतला असण्याचीच शक्यता अधिक. तो तेथे आला म्हणून वाचनाचा पाया ढासळत नाही. प्रमाणरूप त्याच्या शेजारी नंतर लिहिता येते. आधी खोडून मग लिहिणे आणि शेजारी लिहिणे, या दोन कृतींत फार मोठे अंतर आहे.

साहित्यकृती आणि संमिश्र वर्ग

उच्च माध्यमिक व पदवी स्तरावर प्रश्न अक्षराचा राहत नाही, साहित्याचा होतो. येथे प्राध्यापकाची रूढ पद्धत म्हणजे लेखकपरिचय, कथासार, वैशिष्ट्ये आणि टिपणे. संमिश्र वर्गासाठी ही सर्वांत निकृष्ट निवड होय. परभाषक विद्यार्थी टिपणे पाठ करतो, मूळ पाठ्य वाचीत नाही. मराठी भाषक विद्यार्थ्यालाही ते न वाचण्याची सोय होते.

आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) हे आत्मकथन घ्यावे. शिक्षणासाठी बापाशी आणि दारिद्र्याशी झालेला झगडा हा त्याचा विषय. निवेदनाचा मुख्य प्रवाह प्रमाणभाषेकडचा आणि संवाद बोलीतले. या द्विस्तरीय रचनेमुळे ते संमिश्र वर्गाला विलक्षण सोयीचे पडते. निवेदन परभाषक विद्यार्थ्याने वाचून सांगावे, संवाद ग्रामीण विद्यार्थ्याने वाचावेत आणि त्यांचे प्रमाणरूप दोघांनी मिळून करावे. ज्या बोलीमुळे सहावीत रेघ बसली, त्या बोलीवाचून येथे वर्ग पुढे सरकत नाही. मात्र एक सावधगिरी बाळगावयास हवी. यादवांची बोली कागल परिसराची, कोल्हापूरकडची आहे. मुळशीच्या विद्यार्थ्याला ती आपोआप येते असे समजणे म्हणजे सर्व ग्रामीण मराठी एकच मानणे होय, आणि ही चूक शहरी शिक्षकाकडून फार होते. ‘हा शब्द तुमच्याकडे कसा म्हणतात?’ एवढा प्रश्न पुरतो. त्यातून कागल आणि मुळशी यांतील भेदांची यादी तयार होते आणि बोलीभूगोलाचा पाठ व्याख्येवाचून सुरू होतो.

‘गोतावळा’ (१९७१) ही त्यांची कादंबरी तर संपूर्णपणे नारबाच्या बोलीत आहे. यंत्र शेतावर येते आणि जनावरांचा व त्यांच्यात जगणाऱ्या गड्याचा संसार विस्कटतो. हिंजवडीच्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी या बदलाचा पुढचा टप्पा, शेतच जाण्याचा, पाहिलेला असतो. परंतु ही कादंबरी परभाषक विद्यार्थ्याच्या हाती प्रथमच देणे उचित नाही. तिच्यात त्याला धरावयास प्रमाणभाषेचा कठडाच नाही. त्याच्यासाठी व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) अधिक योग्य. तेथे निवेदक तरुण शिक्षक बाहेरून आलेला, गाव आणि त्याची भाषा क्रमाने समजून घेणारा आहे. नवागत वाचकाला त्याच्या पावलाने गावात शिरता येते.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’चे (१९८०) स्थान वेगळे. कैकाडी बोली ही द्रविड कुळातील. म्हणजे मराठी शाळेत दाखल झालेल्या कैकाडी मुलाचे घर भाषेच्या दृष्टीने तमिळच्या अंगणात आहे. ‘मराठी माध्यम म्हणजे मराठी घर’ या गृहीतकाचे खंडन या आत्मकथनाइतके समर्थपणे दुसरीकडे क्वचितच मिळेल. वर्गात ते शिकविताना मात्र भटक्या जमातीतील किंवा बांधकामावरील विद्यार्थ्याला ‘तुझा अनुभव सांग’ असे सर्वांसमक्ष म्हणू नये. अनुभवाधिष्ठित अध्यापनाच्या नावाखाली हे हल्ली फार चालते. पुस्तक जे सांगते ते पुरेसे आहे. सांगावयाचे की नाही हा अधिकार विद्यार्थ्याचा.

याउलट गावाच्या उत्सवाविषयी बोलताना संकोच नसतो. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या चैत्रातील उत्सवात बगाड निघते. बगाड, गळकरी, मान, पालखी हे शब्द स्थानिक विद्यार्थ्याजवळ आहेत. परभाषक विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत, स्थानिकाने सांगावे, दोघांनी मिळून एक पानाचे वर्णन प्रमाणभाषेत लिहावे. एकाला माहितीचा अधिकार मिळतो, दुसऱ्याला प्रश्नवाक्यांचा सराव होतो आणि लेखन दोघांनाही करावे लागते. येथे दोघांच्या चुका निराळ्या पडतील, त्या त्यांनी परस्परांना दाखवाव्यात.

आक्षेप आणि मर्यादा

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे कसे करावे, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले असले, तरी महाविद्यालयीन वर्गाला ते लागू नाही. पाच गटांसाठी पाच पाठ तयार करणे कोणालाही शक्य नाही, आणि तशी मागणी येथे नाही. पाठ एकच राहू शकतो. प्रवेशाचे दार बदलते. कोणाला तो आधी ऐकवावयाचा, कोणाला आधी वाचावयास द्यावयाचा, कोणाकडून आधी सांगवून घ्यावयाचा, एवढा निर्णय प्रत्येक घटकापूर्वी घ्यावा लागतो. शिक्षकाच्या पूर्वतयारीत त्यासाठी एक स्तंभ वाढतो.

अधिक गंभीर मर्यादा मूल्यमापनाची आहे. परीक्षा सर्वांची एक आहे. आशयाचे आकलन आणि प्रमाणलेखन या दोन वेगळ्या क्षमता असूनही गुण एकत्रच दिले जातात. त्यामुळे कविता नेमकी समजलेला, परंतु ‘व्हता’ लिहिणारा विद्यार्थी आणि काहीही न समजता टिपण शुद्ध उतरविणारा विद्यार्थी यांत दुसराच पुढे जातो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण महाविद्यालयाच्या हाती असतात. त्यांत आकलनाची तोंडी परीक्षा विद्यार्थ्याच्या बोलीत घेण्यास आणि प्रमाणलेखनाचे गुण स्वतंत्र ठेवण्यास विभागाने ठरविल्यास अडचण येऊ नये.

शेवटचा मुद्दा एम.ए.च्या अभ्यासक्रमाचा. या परिसरातील शाळांत मराठी शिकवावयास जाणारे शिक्षक मराठी विभागांतूनच बाहेर पडतात. त्यांनी भाषाविज्ञानाची प्रश्नपत्रिका सोडविलेली असते. स्वनिम, रूपिम, बोलींचे वर्गीकरण यांच्या व्याख्या त्यांना येतात. परंतु एका मुलाची वही समोर ठेवून त्यातील प्रत्येक ‘चुकी’चे उगमस्थान सांगा, असे त्यांना कधी विचारलेले नसते. या प्रश्नपत्रिकेतील प्रकल्पकार्य म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने जवळच्या शाळेतील वेगवेगळ्या घरभाषांच्या चार मुलांचे, परवानगी घेऊन व नावे न लिहिता, एकेक पान मिळवावे आणि तीन स्तंभांचा तक्ता करावा : मुलाने लिहिलेले रूप, प्रमाणरूप, कारण. ‘मान गावात पानी नाय’ असे वाक्य दोन वह्यांत सापडेल. पहिले दोन स्तंभ दोन्ही तक्त्यांत सारखेच भरले जातील. तिसऱ्या स्तंभात एका ठिकाणी मुळशी लिहावे लागेल आणि दुसऱ्या ठिकाणी कदाचित छपरा.